दोऱ्याने मोजलेली वांगणी

जव्हारात आमच्या आळीतली निम्मी पोरं वांगणीच्या पाड्यावरच्या फागीच्या हातावर आली, पण पुढच्या दाराने तिला कोणी कधी आत घेतलं नाही. हाडकुळी सुईण, गालात तंबाखू, कमरेला फडक्यात गुंडाळलेली नाळ कापायची पात. बाळंतीण मोकळी झाली की तिने हात लावलेलं घंगाळ बायका मोरीत आपटून राखेने घासत. त्या घासण्याच्या आवाजाची मला शिसारी येई.

१९३२ साली कराचीहून टपाल घेऊन निघालेलं विमान दुपारी मुंबईला उतरल्याचं वर्तमानपत्रात आलं, आणि शेजारच्या विठ्ठलरावांना नवा नाद लागला. ते दरबारच्या कचेरीत नकाशे सांभाळत. ओसरीवर नकाशा पसरायचा, दोन गावांवर दोरा ताणायचा, आणि येईल त्याला अंतर नि वेळ सांगायची.

"जव्हार ते मोखाडा, विमानाने किती मिनिटं? बोला!"

लोक माना डोलवत. आत त्यांची बायको पुष्पावती दिवस भरलेलं पोट सावरत पाट्यावर वाटण वाटी.

एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. तिच्या सासूबाई शांताबाई म्हणाल्या, "विठ्ठल, वांगणीला माणूस धाड."

विठ्ठलरावांनी दोरा ताणला. "चार कोस. जायला अडीच तास, यायला अडीच. पहिलटकरीण आहे, उद्या पहाटेशिवाय काही नाही. आत्तापासून त्या बाईला मागच्या दारी कशाला बसवून ठेवायची?"

गडी जेवण उरकून दुपारी निघाला. फागी पोचली दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. मूल पायाकडून अडकलं होतं. तिने पुष्पावतीला वाचवलं. मूल गेलं होतं.

विठ्ठलराव मागच्या दारी येऊन ओरडले, "चार कोसांना एवढा वेळ? कुठे झोपली होतीस?"

फागीने पात धुतली. "निरोप आला तशी निघालंय. वांगणीपून अकरा इसावं हायेत, दादा. मोळी उतरवून बाया टेकतात, तसे. दोन दऱ्या, एक नदी. तुझ्या दोऱ्यात नदी कुठं हाय?"

"तोंड वर करून बोलते!" म्हणत ते ओसरीवर गेले. थोड्या वेळाने ते एका पाहुण्याला विमानाची गोष्ट सांगत असल्याचं माझ्या कानावर आलं. घरात मेलेलं मूल अजून सुपात होतं. मोरीत शांताबाई घंगाळ घासत होत्या.

दोन वर्षांनी पुष्पावतीला पुन्हा दिवस गेले. आठवा लागला तेव्हा तिने माहेरच्या भावाला डोली घेऊन बोलावलं.

"माहेरी ना?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"वांगणीला. फागीकडे."

"त्या झोपडीत? मला कचेरीत तोंड दाखवायचंय! लोक काय म्हणतील?"

"लोकांना किती कोस ते सांगा," ती म्हणाली आणि डोलीत बसली.

शांताबाईंनी पदर तोंडाला लावला. अडवलं मात्र नाही.

मुलगी झाली, धडधाकट. पुढे पुष्पावती मला त्या दिवसांचं सांगे. नागलीची भाकर, धूर, कोंबड्या, आणि फागीची सारखी बडबड. पहिल्या दिवशी डोलीतून उतरून ती, फागी म्हणजे मागचं दार या सवयीने, मागच्या बाजूला वळली होती.

"तिकडं काय हाय, बाय?" फागी हसली. "इथून ये."

तिच्या झोपडीला दार एकच होतं.