‘लवकरच येत आहे’

सकाळी चहा घेताना गेमच्या ऑनलाइन दुकानाचं पान उघडलं, तर वरच्याच पट्टीत निनादचा गेम! खाली लिहिलेलं, ‘लवकरच येत आहे’. निनाद माझा कॉलेजातला मित्र. गेम अजून निम्माही झालेला नाही, हे गेल्याच आठवड्यात त्याने मला हसत हसत सांगितलं होतं. आणि माझा आट्यापाट्यांचा गेम? चार वर्षं खपलोय, जवळजवळ पुरा झालाय. त्या पट्टीत त्याचं नावही नाही. पोटात दुखतं म्हणतात, ते खरोखर पोटातच दुखतं.

दुकान असं का करतं? एकाच्या येण्याची दवंडी, दुसऱ्याबद्दल चकार शब्द नाही! मी बायकोसमोर दुकानाचा मनसोक्त उद्धार केला.

“पण तू तुझ्या गेमचं पान टाकलंयस का तिथे?” वैशालीने शांतपणे विचारलं.

नव्हतं टाकलं. बनवणाऱ्याने आधी पान टाकलं, तरच दुकान पुढे सांगणार, हे मला ठाऊक होतं. पण आमच्याकडे दिवस गेले की तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत. मी गेमचंही तसंच केलं. दृष्ट लागेल म्हणून चार वर्षं गप्प राहिलो.

निनादच्या गेमचं चित्र सुरेख होतं. त्याच्याकडे मी टक लावून पाहत राहिलो. चहा निवला. मग एकदम लक्षात आलं, ज्या नजरेच्या भीतीने मी माझा गेम लपवला, ती नजर माझीच होती.