वरची सही गोजराबाईंची

सुलक्षणा खोटे दाखले बनवायची आणि त्याचा तिला रीतसर पगार मिळायचा. एका संगणकानं दुसऱ्याला ओळख पटवायची तर डिजिटल दाखला लागतो. वरच्यानं खालच्याची हमी द्यायची, त्यानं त्याच्या खालच्याची, अशी साखळी. हिंजवडीतल्या कंपनीसाठी असल्या बऱ्यावाईट साखळ्या रचायच्या आणि प्रोग्रॅम फसतो का ते बघायचं, हे तिचं काम.

उमरग्याच्या या एकट्या मुलीला नऊ घरांनी खोली नाकारली होती. दहावं मुठा गावातलं, गोजराबाईंचं. तिथं भाडेकरू ठेवायचा हक्क फक्त त्यांचा आणि मुलाचा, शेखरचा. पण त्या लेकीकडे गेल्या असताना सून स्नेहलनंच हिला ठेवून घेतलं आणि सासू परतल्यावर शेखरच्या नावावर “यांनी ठेवलीय” म्हणून दडपून सांगितलं. खोली जाईल या धास्तीनं सुलक्षणाही गप्प राहिली.

साखळीला नावं सुचेनात तेव्हा तिनं हेच घर घेतलं. सगळ्यात वर गोजराबाई, त्यांना सही करायची जुन्या पद्धतीची लांबलचक डिजिटल किल्ली. शेखरला नवी, आखूड. दोघांनाही पुढच्याची हमी द्यायची मुभा. स्नेहलला फक्त स्वतःची ओळख दाखवण्यापुरता दाखला. आणि मुद्दाम चूक म्हणून स्नेहलच्या सहीनं शेजारचा नथू. प्रोग्रॅमनं नथूला बिनदिक्कत आत घेतलं! कंपनीतला वरिष्ठ निषाद फोनवर म्हणाला, “चालतंय.”

सुलक्षणाचं डोकं फिरलं. दारातल्या ओट्यावर उभी राहून ती ओरडली, “स्नेहलला हमी द्यायचा हक्कच नाही! तरी तिच्या शब्दावर नथू आत शिरलाच कसा?”

मागं गोजराबाई पाखडायचं सूप घेऊन उभ्या. नथूशी त्यांचं बांधावरून सात वर्षं वाकडं.

“कवा शिरला?”

सुलक्षणानं घाबरत सगळं समजावलं. बाईंना ते निषादपेक्षा लवकर कळलं. त्यांनी फोनच ओढून घेतला. “सायेब, सून गुनाची हाय, पन कुनाला घरात घ्यायचं त्ये ती न्हाई ठरवत. नथूला आदी भायेर काडा.”

“हो, मावशी,” निषाद म्हणाला. संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम दुरुस्त झाला, नथू बाहेर.

बाई खुशीत होत्या. “आता सांग, स्नेहलनं आनिक कुनाला घेतलंय?”

चुलीपाशी स्नेहलचा हात थांबला. दिवसभर खोटं रचणाऱ्या सुलक्षणाला नेमकं आता एक खोटं सुचेना.

“मला,” ती म्हणाली.

बाईंनी तिची वळकटी उचलून अंगणात ठेवली, तिलाही बाहेर काढलं आणि दार लावलं. सुलक्षणाला रडूच फुटलं. आता अकरावं घर कुठं शोधायचं?

कडी वाजली. दारात गोजराबाई.

“कोन पायजे?”

“खोली… खोली हवी होती.”

“कुनाच्या वळखीनं आलीस?”

सुलक्षणानं डोळे पुसले. “तुमच्या.”

“मंग ये आत,” बाई म्हणाल्या आणि वळकटी स्वतःच उचलून आत घेऊन गेल्या.