मागे हटण्याचं गणित

प्रज्ञा गेल्याचं तिच्या बाबांनी, म्हणजे काकांनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मी अंबरनाथला क्लासमध्ये त्रिकोणमिती शिकवत होते. "तुझी मैत्रीण गेली गं," एवढंच बोलून ते फोन तसाच धरून बसले. मागून तिच्या आईचा, मावशींचा, आवाज येत होता. माझी आहे ना किडनी, काढा ना, असं त्या कुणाला तरी सांगत होत्या... काही आठवडे झाले, पण तो आवाज कानातून जात नाही.

उल्हासनगरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर शिकलो. ती बदलापूरच्या शिरगावची, काका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. पदवीनंतर मी क्लासमध्ये शिकवायला लागले आणि तिला कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र आणि गेम थिअरी एकत्र असलेल्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. हे गेम थिअरी काय असतं, असं मावशींनी विचारलं की ती सांगायची, समोरचा काय करेल ते ओळखून आपण काय करायचं, त्याचं गणित. पहिल्याच वर्षी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. काकांना मधुमेह, म्हणून त्यांची किडनी घेता येईना. मावशी एका पायावर तयार होत्या, पण त्यांचा रक्तगट जुळेना.

मग तिने प्रबंधाला विषयच तो घेतला. डायलिसिसच्या खुर्चीत एक हात मशीनला आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर टाइप करत ती मला समजावून सांगायची. एका घरातल्या आईची किडनी मुलीला चालत नाही, दुसऱ्या घरातल्या नवऱ्याची बायकोला चालत नाही, पण अदलाबदल केली तर दोघी वाचतात. दोन घरं असली तर ते कागदावरही जमतं. शेकडो घरं असली की कुणाची गाठ कुणाशी, हे शोधायला कॉम्प्युटर लागतो. शिवाय हा बाजार पैशाशिवाय चालवायचा, आणि ऐनवेळी कुणी मागे हटू नये अशी त्याची रचना करायची. ते शेवटचंच सगळ्यात अवघड, असं ती म्हणायची.

आणि खरंच एक घर सापडलं. उल्हासनगरच्याच कॅम्प पाचमधलं सिंधी जोडपं. रक्तगट बरोबर उलटे, तपासण्या जुळल्या, परवानगीही आली. मावशींनी त्या बाईंना साडी नेसवली. ऑपरेशन तोंडावर आलं असताना त्या बाईंचा प्रतीक्षायादीत नंबर लागला आणि मेंदू मृत झालेल्या कुणाची तरी किडनी त्यांना मिळाली. त्यांच्या नवऱ्याला आता आपली किडनी देण्याचं कारण उरलं नाही.

मी त्यांना भेटायला कॅम्प तीनमधल्या त्यांच्या जीन्सच्या कारखान्यात गेले. हात जोडले. शिलाई मशीन बंद करायला सांगून ते बाहेर आले आणि रडले. "ताई, मेरे बच्चे छोटे हैं. अब घरवाले नहीं मानते." त्यांना शिव्या द्याव्यात असं मनात होतं, पण मी जोडलेले हात सोडले आणि स्टेशनचा रस्ता धरला.

प्रज्ञाला मी सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "त्यांचं चुकलं नाही. त्यांच्या जागी कुणीही हेच करेल. तेच तर लिहितेय मी." मग भिंतीकडे तोंड वळवून म्हणाली, "पण मला जगायचंय गं."

दुसरं घर शोधण्यासाठी तिचे सर, आम्ही, सगळ्यांनी किती फोन केले! कुठेच जुळेना. तिच्या अंगावर सूज चढत गेली, हात की-बोर्डवर टिकेना. ती बोलायची आणि मी टाइप करायचे. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अर्धंच राहिलं. छातीत संसर्ग झाला आणि तिला दवाखान्यात नेलं, ती घरी परत आलीच नाही.

परवा शिरगावला गेले होते. मावशींनी जेवायला बसवलं. बटाट्याची भाजी पार बेचव, पाणचट लागली. किडनीच्या पेशंटसाठी भाजी चिरून पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग उकळून पुन्हा फेकायचं, म्हणजे त्यातले क्षार कमी होतात. मावशी अजून तशीच करतात. काका मान खाली घालून जेवत होते. मीही खाल्ली. हात धुवायला उठले तर ओट्यावर पातेल्यात रात्रीच्या जेवणासाठीची भाजी भिजत घातलेली होती.