गाइडलाइन वाचणारे डॉक्टर तळवडेकर

दर गुरुवारी दुपारी अडीचला डॉक्टर तळवडेकरांचा फोन यायचा. "ऐकतेस ना गो?" एवढंच विचारून ते कुठल्यातरी आजाराच्या उपचारांची नवी गाइडलाइन वाचायला लागायचे. परळच्या माझ्या दवाखान्यात मी डबा खात ऐकायची. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं, तरी गुरुवारचा डबा मी अडीचच्या आत उघडत नाही.

आमची ओळख दादरच्या एका हॉलमधली. डॉक्टरांना नोंदणी टिकवायला ठरावीक मुदतीत क्रेडिट गुण मिळवावे लागतात. त्यासाठीचं एक व्याख्यान तिथे होतं. बहुतेक जण सही करून जेवणाच्या रांगेत लागले होते. पंचाहत्तरीचे तळवडेकर मात्र पुढच्या खुर्चीत पेन्सिल घेऊन टिपणं काढत बसलेले. मला म्हणाले, "गुण काय, सहीचेसुद्धा मिळतात. पण पेशंट आपली सही बघायला येत नाही."

चिंचपोकळीला त्यांचा एका खोलीचा दवाखाना होता. बायको गेलेली, मुलगी परदेशात, जुने पेशंट वारलेले किंवा लांब राहायला गेलेले. मी एकदा गेले तेव्हा बाकावर कोणीच नव्हतं आणि डॉक्टर कॉम्प्युटरवर गाइडलाइनखाली दिलेली, क्रेडिट गुणांसाठीची प्रश्नपत्रिका सोडवत होते. लागणारे गुण केव्हाच पुरे झाले होते.

"मग हे कशाला?" मी विचारलं.

"दिवसभरात कोणी काही विचारायला नको का?"

नेमाने येणाऱ्या एकट्या इंदूबाई उरल्या होत्या. गिरणी कामगाराची विधवा, ऐंशीच्या आसपास वय, मधुमेह. औषध नको असलं तरी तासभर बसून गावच्या गोष्टी सांगायच्या. एका गुरुवारी डॉक्टर वाचता वाचता थांबले. म्हाताऱ्या माणसांना मधुमेहाची जी जुनी गोळी देऊ नये असं त्यात लिहिलं होतं, तीच इंदूबाई त्यांच्याकडून वर्षानुवर्षं घेत होत्या. त्या गोळीने साखर फार उतरते, चक्कर येते. इंदूबाई चक्करेची तक्रार करायच्या आणि डॉक्टर म्हणायचे, "वय झालं आता."

"गोळी बदलून टाका," मी म्हटलं. "त्यांना कळणारही नाही."

संध्याकाळी ते इंदूबाईंच्या चाळीचे तीन जिने चढून गेले. साखर तपासली, तर ती खरंच उतरलेली. साखरपाणी पाजून, त्यांना जरा हुशारी आल्यावर डॉक्टर म्हणाले, "इंदूबाई, चूक माझी आहे. ही चक्कर वयाची नव्हे, मी दिलेल्या गोळीची. मी हे आधीच वाचायला हवं होतं."

इंदूबाईंचा मुलगा शेजारीच उभा होता. "म्हणजे इतकी वर्षं आई चुकीची गोळी खात होती? राहू दे डॉक्टर, आता आम्ही मोठ्या हॉस्पिटलात दाखवू." इंदूबाई काही बोलणार होत्या, पण मुलाकडे बघून गप्प बसल्या. डॉक्टरांनी हॉस्पिटलसाठी सगळी हकिगत चिठ्ठीत लिहून दिली, स्वतःच्या चुकीसकट, आणि जिना उतरले.

इंदूबाई पुन्हा आल्या नाहीत. मी चिडून विचारलं, "सांगायची काय गरज होती?"

फोनवर ते म्हणाले, "तिच्या शरीराविषयी मी तिला खोटं सांगितलं होतं. ते खोडायला मीच जायला हवं होतं ना?"

पुढे दोनेक महिन्यांनी एकदा त्यांचा फोन मंगळवारीच आला. वाचायला काही नव्हतं. इंदूबाई बाजारात दिसल्या होत्या.

"मग हाक मारलीत?"

"नाही गो. मुलगा बरोबर होता, तिला अवघड झालं असतं." मग म्हणाले, "पिशवी घेऊन भराभर चालत होती. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत उभा राहिलो."