ढाकणे मॅडमची धूळ

ढाकणे मॅडम फिल्टर आपटायच्या. चाचणी संपून गाडी शेडमध्ये आली की इंजिनाला हवा पुरवणारा तो भलाथोरला फिल्टर स्वतः काढायच्या, लहान पोराला कडेवर घ्यावं तसा उचलून मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये न्यायच्या, टेबलावर जुना पेपर पसरायच्या आणि धाडदिशी आपटायच्या. आमच्या माळावरचा पिठासारखा फुफाटा टेबलभर व्हायचा. साहेबांच्या चहात, चष्म्यावर, फायलींवर. "ही एवढी बाहेर राहिली म्हणून इंजिन जितं हाय," त्या म्हणायच्या, "बघून घ्या." साहेब नाकाला रुमाल लावून बघून घ्यायचे.

नगरबाहेरच्या माळावर आमची कंपनी आहे. सैन्याच्या चिलखती गाड्या, म्हणजे रणगाड्याची धाकटी भावंडंच, त्यांची इंजिनं बसवून, पळवून, तपासून देणं हा आमचा धंदा. शैला ढाकणे इंजिन विभागाच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर. मूळच्या शेवगावकडच्या एका खेड्यातल्या. शिकल्या पुण्याला. बैठकीत इंग्रजी फर्डं बोलायच्या, पण राग आला की इंग्रजी संपून शेवगाव सुरू व्हायचं. मग आम्ही हळूच खुर्च्या मागे सरकवायचो.

त्यांना सगळे भांडखोर म्हणायचे. आजही म्हणतात, आणि ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे, बाई भांडायच्या, पण कशासाठी भांडायच्या हे एकानं तरी कधी विचारलं का? स्वतःच्या बढतीसाठी कधी केबिनची पायरी चढल्या नाहीत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. नवा इंजिनिअर आला की त्याला गाडीच्या आत बसवून, दार लावून घेऊन, उकाड्यात ऐकवायच्या, "रणात गाडी बंद पडली की ती गाडी नसती बाबा, पत्र्याची पेटी असती. अन् पेटीत कुणाची तरी लेकरं असत्यात. हे ध्यानात ठेवून नट आवळायचा." आणि मग बाहेर आल्यावर त्याला ताक पाजायच्या. तेसुद्धा खेकसूनच. आमचा चाचणीचा ड्रायव्हर रफिकभाई, चाळिशीचा, भिडस्त माणूस. त्याला म्हणायच्या, "पी की! लाजतोस काय नव्या नवरीवानी?"

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नवं इंजिन आणि नवा फिल्टर घातलेली गाडी आली. धुळीची चाचणी करायची होती. ही चाचणी सोपी असते. एक जुना ट्रक पुढे पळतो, धुरळा उठवतो, आणि त्या धुरळ्यात आपली गाडी मागे पळते. वाळवंटात गाड्या एकामागे एक जातात तेव्हा असंच होतं. दमछाक झाली नाही तर इंजिन पास. नेमक्या त्याच वेळी मॅडम आठवडाभर सुट्टीवर होत्या, भाचीच्या लग्नाला.

त्या परत आल्या तेव्हा शेडमध्ये पेढे वाटणं चालू होतं. गाडी धुळीत पास झाली होती. मॅडमनी पेढा हातात घेतला, तसाच खिशात टाकला आणि फिल्टर काढून केबिनमध्ये आपटला. पेपरवर चिमूटभर धूळ पडली. साहेब खूश. "बघा मॅडम, किती स्वच्छ! एक नंबर फिल्टर आहे आपला."

मॅडम तडक बाहेर पडल्या. भर उन्हात ट्रॅकवर गेल्या, मूठभर माती उचलली, दाबली. मातीचा लाडू वळला. तो आणून त्यांनी साहेबांच्या टेबलावर, पेढ्यांच्या बॉक्सशेजारी ठेवला. "घ्या साहेब. हा बी खाऊन बघा."

झालं असं होतं की पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक होतं. खरेदी करणारे पाहुणे येणार, म्हणून ट्रॅकच्या कडेला मांडव घातला होता. खुर्च्यांना पांढरी कव्हरं चढली होती. धुरळ्यानं कव्हरं मळतात म्हणून मांडववाल्यानं कुरकुर केली, आणि साहेबांनी रोज सकाळी टँकरनं ट्रॅकवर पाणी मारायचा हुकूम दिला. आपल्याकडे पाहुणे यायचे म्हटल्यावर दारात सडा पडतोच, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आणि त्याच ओल्या ट्रॅकवर या शहाण्यांनी धुळीची चाचणी उरकून घेतली! कपाळ माझं!

मॅडमचा आवाज त्या दिवशी फाटकापर्यंत ऐकू गेला. "धुळीच्या परीक्षेला पानी मारलं? मग पोहायच्या परीक्षेला हिरीतलं पानी उपसून टाका की!"

"मॅडम, पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडाली तर काय दिसेल ते?"

"अन् ह्या इंजिनाच्या नरड्यात गेली तर काय दिसंल? चाचणी पुन्हा घ्या. कोरड्यात."

"प्रात्यक्षिक होऊन जाऊ द्या. नंतर बघू."

"नंतर म्हंजी कवा? गाडी वाळवंटात गेल्यावर?"

साहेब उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. त्यांनी हसून पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

प्रात्यक्षिक ओल्या ट्रॅकवरच झालं. गाडी वरातीतल्या घोड्यासारखी डौलात चालली. टाळ्या, हार, फोटो. मॅडम मांडवाच्या मागे खांबाला टेकून उभ्या होत्या. मी जवळ गेलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "रविवारी ये. रफिकला बी सांगते."

रविवारी कंपनी बंद असते. वॉचमनला काय सांगितलं ते मॅडमनाच ठाऊक. ट्रॅकच्या मागच्या भागात, जिथे टँकर कधी जात नाही, तिथे फुफाटा घोट्याएवढा. मी जुना ट्रक घेऊन पुढे निघालो. मागे गाडी, चालवायला रफिकभाई, आणि दुसऱ्या सीटवर स्वतः मॅडम. झाकणं बंद. आरशात मला धुरळ्याशिवाय काही दिसत नव्हतं. वॉकीटॉकीवर रफिकभाईचा आवाज आला, "मॅडम, हिला दम लागाया लागलाय. ओढ न्हाई राहिली." मॅडम म्हणाल्या, "चालव. बघू दे कुठवर जाती." मग चढावर काळा धूर फेकून इंजिन बंद पडलं. आणि वॉकीटॉकीसुद्धा गप्प झाली.

मी ट्रक सोडून पळत गेलो. मागचं दार उघडलं होतं आणि मॅडम रफिकभाईला काखेत हात घालून बाहेर ओढत होत्या. आत भट्टी झाली होती, त्याची शुद्ध गेली होती. आम्ही त्याला गाडीच्या सावलीत निजवलं. त्या त्याच्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि एका दमात शिव्या देत होत्या. साहेबांना, मांडववाल्याला, टँकरला, देवाला. "ए रफिक! डोळं उघड! माझ्या गाडीत मरायचं न्हाई, सांगून ठेवते!" त्यानं डोळे उघडले. म्हणाला, "मॅडम, गाडी नापास ना?" तेव्हा त्या मटकन खाली बसल्या आणि रडल्या. रागानं रडणारी बाई मी आयुष्यात तेवढीच पाहिली.

सोमवारी तो फिल्टर केबिनमध्ये आपटला गेला. पेपर पुरला नाही. मग काय, गुपचूप फिल्टरचं काम पुन्हा सुरू झालं, आत येणारी धूळ आधीच बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवला गेला, आणि गाडी पुढे गेली ती सुधारूनच गेली. बक्षीस कुणाला? मोठ्या साहेबांना, शाल-श्रीफळ. आणि मॅडमना? विनापरवानगी गाडी काढली, ड्रायव्हरचा जीव धोक्यात घातला, म्हणून इंजिन विभागातून काढून कँटीन आणि बागेची जबाबदारी दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या मला म्हणाल्या, "आता झाडांना पानी मारा म्हणत्यात मला." थोड्याच महिन्यांत राजीनामा देऊन शेवगावला निघून गेल्या.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा अंगणात बाजेवर पडल्या होत्या, हात काडीसारखे. मी साहेबांच्या सत्काराचं सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज चढला. त्यांनी हातानं थांबवलं.

"गाडी दमती का आता?"

"नाही मॅडम. कोरड्या धुळीत दिवसभर पळाली."

"रफिक?"

"बरा आहे. सलाम सांगितलाय."

"मग सत्काराचं काय घेऊन बसलास? शाल पांघरू दे त्याला." मग विचारलं, "ट्रॅकवर पानी मारायचं बंद केलं का?"

मी म्हणालो, "नाही. पाहुणे आले की मारतात. परवासुद्धा मारलं."

त्या उठून बसल्या. कशा बसल्या कोण जाणे. घरातून त्यांच्या वहिनी धावत आल्या, तर त्यांना बाजूला सारलं. "म्हंजी पुढच्या गाडीचं पुन्हा तेच? अन् तू हितं माझं तोंड बघाया आलास? मी मेल्यावर कोन भांडनार हाय रे तिथं? जा! ऊठ, जा म्हनते ना!" चहासुद्धा घेऊ दिला नाही. मी खरंच उठलो आणि निघालो. एसटीत बसल्यावर मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. एवढ्या लांबून माणूस भेटायला येतो, आणि ही तऱ्हा!

त्याच महिन्यात त्या गेल्या. पुण्याहून मोठ्या अधिकाऱ्यांबरोबर येणाऱ्या पाहुण्यांसाठी नव्या गाडीची धुळीची चाचणी ठरली होती आणि मॅडमचा दहावाही नेमका त्याच सकाळी होता. वहिनींचा फोन आला, "येताय ना भावजी?" मी नाही म्हणालो. त्यांना वाईट वाटलं असणार.

सकाळी टँकर ट्रॅकच्या तोंडाशी आला तेव्हा मी आडवा उभा होतो. टँकरवाल्यानं हॉर्न दिला, मग खाली उतरला. "साहेब, सरका की. उशीर झालाय, पाहुने यायले." मी हललो नाही. त्यानं मांडवाकडे बघून हात हलवले. मोठे साहेब नव्या सुटात तरातरा चालत आले, तोंड लालबुंद.

"काय तमाशा लावलाय? सरक बाजूला! धूळ उडेल सगळ्यांच्या अंगावर!"

"उडू द्या," मी म्हणालो.