नागसेनच्या नावाने चालणारा झेड ड्राइव्ह

नागसेन अकरा वर्षं चाकणच्या गाड्यांचे ब्रॅकेट बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटी इलेक्ट्रिशियन होता. कंपनीत चौदा विंडोज कॉम्प्युटर होते आणि ड्रॉइंग ठेवायला एक जुना लिनक्स सर्व्हर. दोघांचं आपसात जमायचं नाही, म्हणून माणसं पेनड्राइव्ह घेऊन या शेडमधून त्या शेडमध्ये पळायची. नागसेनने यूट्यूब बघून बघून सर्व्हरवर सांबा नावाची सोय बसवली. मग लिनक्सवरचं फोल्डर सगळ्यांच्या विंडोजवर झेड ड्राइव्ह म्हणून दिसायला लागलं. प्लँट मॅनेजर उद्धवरावांनी त्याची पाठ थोपटली आणि पर्मनंटचं बघू म्हणाले. ते तर ते पहिल्या वर्षापासून बघतच होते.

प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. चौदा चिठ्ठ्या लिहून हातात दिल्या. पण लोकांना कसला आलाय धीर! 'भावा, माझ्या काय लक्षात राहत नाय, तुझाच टाक ना,' तपासणीचा सुपरवायझर रणजीत म्हणाला. टाकला. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला, शेवटी खुद्द उद्धवरावांच्या लॅपटॉपवरही त्याचंच नाव गेलं. तिथेच याने कान टवकारायला हवे होते. पण छे! गडी खूश. अख्खी कंपनी सकाळी आपल्या नावाने कामाला लागते, हे त्याने बायकोला, आम्रपालीला, जेवताना दोनदा सांगितलं. वेडा कुठला.

यंदा मात्र पर्मनंटचं पत्र खरंच टाइप झालं. एचआरच्या दिव्याने त्याला ते लांबून दाखवलं. ग्राहक कंपनीची माणसं येऊन ऑडिट करून गेली की सही होणार होती.

ऑडिटच्या आदल्या दिवशी दुपारी रणजीत धापा टाकत आला. पाहुण्यांना नीटनेटकं दिसावं म्हणून तो झेडवरच्या जुन्या फायली काढत होता आणि तपासणीचे रिपोर्ट असलेलं अख्खं फोल्डरच उडवून बसला. 'रिसायकल बिनमध्ये पण नाय रे,' तो म्हणाला. असणार कसं? नेटवर्कवरून उडवलेलं तिथे जातच नाही. बॅकअपची डिस्क दिवाळीपासून भरलेली होती, आणि नवीन डिस्कसाठीचा नागसेनचा अर्ज उद्धवरावांच्या टेबलावर पडून होता. नागसेनने जीव तोडून निम्मे रिपोर्ट परत आणले. निम्म्याने काय होतंय? ऑडिटमध्ये कंपनी नापास झाली.

दुसऱ्या दिवशी उद्धवरावांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

'कोण काय उडवतं याची नोंद सर्व्हरवर राहते म्हणाला होतास ना? उघड.'

नागसेनने ती हौसेने उघडली. नोंदीत दुपारची वेळ होती, तपासणीचा कॉम्प्युटर होता आणि पुढे नाव होतं नागसेन.

'साहेब, मशीन तपासणीचं आहे.'

'तू त्या दिवशी तिथे गेला होतास?'

'प्रिंटर बघायला. पण सकाळी.'

'म्हणजे गेला होतास.'

नागसेनने रणजीतकडे बघितलं. रणजीत बुटांकडे बघत होता.

'साहेब, सगळेच माझ्या नावाने लॉगिन करतात.'

'कोण करतं रे?' उद्धवरावांनी खोलीला विचारलं.

एकाचाही हात वर गेला नाही. त्याच नावाने उघडलेला झेड ड्राइव्ह उद्धवरावांच्या समोरच्या स्क्रीनवर होता. त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. पत्र दिव्याने फाडलं आणि संध्याकाळी गेटवर वॉचमनने नागसेनचं ओळखपत्र काढून घेतलं. अकरा वर्षं ज्यांच्या वायरी ओढल्या, त्यांच्यातलं कुणी गेटपर्यंतसुद्धा आलं नाही.

सोमवारी दिघीच्या घरी तो आम्रपालीकडून वेणी घालून घेणाऱ्या लेकीसमोर नुसता बसला होता. रणजीतचा फोन आला.

'भावा, माझं मशीन फॉरमॅट केलं. झेड पासवर्ड मागतोय. तुझंच नाव चालू ठेवलंय सायबांनी, सगळीकडं बदलत कोण बसणार?'

नागसेनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

'सांग ना राव. तुझ्याबद्दल बोलतो मी सायबांशी.'

एवढ्यावर त्याला आशा वाटली. त्याची त्यालाच लाज वाटली, तरी वाटली.

'साक्षी,' तो म्हणाला. 'पुढे दोन हजार तेरा.'

'काय पप्पा?' लेकीने मान वळवली.

'उघडलं,' रणजीत म्हणाला आणि फोन ठेवला.