ट्रंकेमागचा मामा

आमच्या घरात लेकरांशी खोटं बोलायला बंदी होती. ही बंदी मीच घातली होती आणि तिचा सगळ्यात जास्त त्रासही मलाच झाला.

बंदीला कारण होतं. माझ्या लहानपणी चुलतीनं मला सांगितलं होतं, की बोराची बी गिळली तर पोटात झाड उगवतं. मी एकदा घाईत गिळली. (चोरून खाताना घाई होतेच.) त्यानंतर कितीतरी पावसाळे मी गुपचूप बेंबी तपासत होते, पालवी फुटली का म्हणून. तेव्हाच ठरवून टाकलं, की आपल्याला पोरं झाली तर त्यांना परी, राक्षस, बागुलबुवा यांतलं काही म्हणजे काही सांगायचं नाही. आहे ते आहे, नाही ते नाही.

माझे मिस्टर एसटीत कंडक्टर. त्यांचं धोरण बरोबर उलटं. "मागं जागा आहे, सरका पुढं" असं दिवसभर सांगणाऱ्या माणसाकडून खरेपणाची अपेक्षा धरणं ही माझीच चूक म्हणा.

वडीगोद्रीला हायवेपासून जरा आत आमच्या दोन खोल्या होत्या. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आणि माझ्या लग्नातली लोखंडी ट्रंक. गल्लीत रंगीत टीव्ही एकाच घरी होता आणि शिलाई मशीनही एकाच घरी, ते आमच्या. त्यामुळे लग्नसराईत मला जरा भाव यायचा. अशाच एका लग्नसराईत आमच्या पिंकीचा समोरचा दात पडला. पिंकी तेव्हा पहिलीत होती.

मी मशीनवर होते. हे पिंकीला घेऊन ट्रंकेमागं गेले. तिथं भिंतीत एक जुनं बीळ होतं.

"टाक इथं दात. आन् म्हण, उंदीरमामा, हा जुना घे आन् नवा दे."

"अहो, काय शिकवायलात लेकराला?"

"मला बी आईनं हेच शिकवल्तं. मी काय बिघडलो का?"

मी मशीन तेवढं जोरात चालवलं.

संध्याकाळी मी पिंकीला समोर बसवून शास्त्र समजावलं. दुधाचे दात पडतात, हिरडीतून नवे येतात, उंदराचा यात काही संबंध नसतो. पिंकीनं सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं.

"मंग बाबा खोटं बोलले?"

"खोटं न्हाई. गंमत केली."

"मंग उंदीर नसतोच का?"

"उंदीर असतो. मामा नसतो."

"आपला अंबडचा मामा?"

"तो असतो ना."

"पण तो तर कधी येतच न्हाई."

हे मात्र खरं होतं. माझा भाऊ दोन दिवाळ्या येतो येतो म्हणून आला नव्हता. ह्यांना तर आयतंच कोलीत मिळालं. "कसं हाय पिंके, मामा म्हंजे तुझ्या मम्मीच्या माहेरचा माणूस. आता तीच वळख देईना त्याला, तर आपण काय करणार?"

खरं सांगायचं तर त्या बिळात तोवर उंदीर नव्हता. ते कधीचं रिकामं पडलं होतं. पण मामानं चांगला दात द्यावा म्हणून पिंकी रोज भाकरीचा तुकडा तूप लावून ट्रंकेमागं ठेवायला लागली. असली सोय कुठं मिळते? आठवडा व्हायच्या आत बिळात बिऱ्हाड आलं! माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच घरात, माझ्याच तुपावर खोट्याचं खरं झालं.

इथपर्यंत मी सोसलं असतं. पण त्याच सुमारास शेजारच्या रजियाआपांच्या धाकट्या मुलीचा, नसरीनचा, निकाह ठरला होता आणि तिची लाल ओढणी माझ्याकडे गोटा, म्हणजे चकाकत्या जरीची पट्टी, लावायला आली होती. ओढणी आपांनी स्वतः जालन्याला जाऊन, चार दुकानं पालथी घालून आणलेली. देताना त्यांनी ती माझ्या हातात अशी ठेवली, जणू नसरीनलाच ठेवतायत.

"सुमन, बराबर लाव गं गोटा. नवरदेवाकडचे समदे मेहमान नांदेडचे यायलेत. त्यांच्या बायका टाका-टाका मोजत्यात."

"आपा, तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

आपांच्या कापडाला काही झालं असतं, तर गल्लीत मला तोंड दाखवायला जागा उरली नसती आणि लग्नसराईतलं कामही गेलं असतं. म्हणून गोटा लावून झाल्यावर मी ओढणी जुन्या चादरीत गुंडाळून ट्रंकेवर ठेवली. (ट्रंकेत का नाही? ट्रंकेत ह्यांचे जुने युनिफॉर्म गच्च भरले होते. ते कुरतडले असते तर मला चालणार होतं, पण उंदरालाही आवडनिवड असते.)

एका सकाळी मशीनखालच्या कातरणांत लेंड्या सापडल्या. मी त्याच दिवशी बाजारातून पिंजरा आणला आणि आत भाकरी अडकवली. दुसऱ्या दिवशी पिंजरा रिकामा, भाकरी गायब. तिसऱ्या दिवशीही तेच. उंदीर फारच हुशार दिसतोय असं मला वाटायला लागलं. मग एकदा पाहिलं, तर पिंकी पिंजऱ्यातली भाकरी अलगद काढून बिळाच्या तोंडाशी ठेवत होती.

"हे काय करायलीस?"

"मामाला आत घुसायला लई अवघड जाईन ना."

"अगं, मी त्याला पकडायला ठेवलाय तो पिंजरा!"

पिंकीचा चेहरा असा झाला, की मीच क्षणभर पिंजऱ्यात सापडल्यासारखी झाले. "त्याला पकडलं तर माझा दात कोण देईन?" एवढंच म्हणाली आणि बाहेर पळाली.

परत आली ती अख्खी वरात घेऊन. तेव्हा मला कळलं, की पिंकीनं आमच्या मामाची शाळेत भरपूर जाहिरात केली होती आणि गल्लीतल्या ज्याचा म्हणून दात पडला होता, त्यानं तो माझी नजर चुकवून आमच्या ट्रंकेमागं आणून टाकला होता. रजियाआपांचा नातू सलीम सगळ्यांत पुढं उभा. त्याचे वरचे दोन्ही दात आमच्याकडे जमा!

"चाची, मामाला मारू नका," तो फुसफुसत म्हणाला. "माझे दोन हायेत त्याच्याकडं."

आता मात्र मी ठरवलं, की हा घोळ एकदाचा मिटवायचा. पोरांना ओळीनं चटईवर बसवलं, मशीनला टेकून उभी राहिले आणि भाषण सुरू केलं. दात कसे येतात, हिरडी म्हणजे काय, सगळं सांगितलं. पोरं इतकी शांत होती की मलाच आपल्या बोलण्याचं कौतुक वाटायला लागलं.

"तर ध्यानात ठेवा," मी आवाज चढवून म्हणाले, "उंदीरमामा नावाचं या जगात कुणीच न्हाई!"

तेवढ्यात उंदीरमामा ट्रंकेवर आला. सावकाश आला. चादरीच्या गुंडाळीवर बसला, पुढचे दोन पाय तोंडाजवळ नेले आणि आमच्याकडे पाहत राहिला.

"हा काय!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

मी हातातली मोजपट्टी फेकली. ती ह्यांच्या फोटोला लागली. मामा आले तसे निवांत परत गेले आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. चादर वरून धड दिसत होती. मी तिला दोनदा हात लावून पाहिला आणि समाधान मानलं. उघडून पाहायची काही हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपा ओढणी न्यायला आल्या. मी हसतमुखानं चादर सोडली, ओढणी झटकली, आणि तिच्या कोपऱ्यातून मला पलीकडच्या आपा दिसल्या. गोटा कुरतडलेला, त्याच्या बाजूला चांगलं बोट जाईल एवढं भोक.

"हे काय गं, सुमन?"

आणि मी, जिनं घरात खोट्याला बंदी घातली होती, ती मी, श्वासही न घेता म्हणाले, "झरोका."

"काय?"

"झरोका म्हणतात आपा याला. औरंगाबादला आता समद्या नवऱ्या ठेवतात. नवीन फॅशन हाय. कोपऱ्यात एक झरोका ठेवायचा. हवा बी खेळती राहती."

आपांनी ओढणी वर धरली आणि झरोक्यातून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचा विश्वास बसतच आला होता. पण दारात पिंकी उभी होती, आणि पिंकीला मी स्वतः वाढवलं होतं.

"मम्मी, खोटं," ती म्हणाली. "आपा, ते मामानं खाल्लं."

"कोन्च्या मामानं?"

पिंकीनं सगळं सांगितलं. बीळ, तूप, पिंजरा, भाषण, मोजपट्टी. एक अक्षर गाळलं नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आपा ऐकता ऐकता हळूहळू खाली बसल्या.

"म्हंजे आमच्या सलीमचे दात बी त्याच्याकडंच?"

"दोन," पिंकी म्हणाली.

आपा माझ्याकडे वळल्या. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. पण आपांचा चेहरा एकदम काळजीचा झाला. "मंग सुमन, कधी देईन गं तो? पोरगं निकाहात असंच बोळकं घेऊन फिरंल का?"

"आपा, तसं काही नसतं," मी कळवळून म्हणाले. "उंदराचा आन् दाताचा काही संबंध नसतो. दात आपोआप येतात. खरंच सांगते."

"आत्ता तर झरोका म्हनत होतीस!"

आयुष्यभर खरं बोलून जमवलेली पत मी एका झरोक्यात घालवली होती.

आपांनीच मग तोड काढली. उरलेल्या गोट्याचं फूल करून त्या भोकावर बसवायला सांगितलं. "निकाहात लोकं नवरीचं तोंड बघत्यात, कोपरा कोन बघतंय? जल्दी कर." मी लगेच मशीनवर बसले. फूल बरं जमलं. आपांनी ते उलटसुलट करून पाहिलं, ओढणी काखेत मारली आणि उठता उठता त्यांचं लक्ष पिंजऱ्याकडे गेलं.

"हे काढ आधी हितून. आमच्या पोराचे दात अटकलेत मामाकडं. त्याला काही झालं तर मी तुला पुसनार हाय." आणि पिंजरा स्वतःच उचलून घरी घेऊन गेल्या.

रात्री ड्युटीवरून आल्यावर ह्यांनी सगळी हकिकत ऐकली आणि जेवताना फक्त एवढंच म्हणाले, "तुझ्या माहेरच्या माणसाला शेवटी मान मिळाला म्हणायचा."

निकाह छान पार पडला. सलीम तोंडावर हात ठेवूनच बिर्याणी जेवला. पण माझ्यापुढचा प्रश्न तसाच होता. लग्नसराई संपायची होती, घरात परक्यांचे ब्लाउज आणि शालू पडलेले, आणि सलीमचे दात उगवेपर्यंत आपांच्या हुकमानं उंदराला अभय! पोटभर खाल्लेला उंदीर कापडाला तोंड लावत नाही, एवढं साधं शास्त्र मला कळत होतं. म्हणून पिंकी विसरली तरी रोज संध्याकाळी मी स्वतः भाकरीला तूप लावून ट्रंकेमागं ठेवायला लागले. माझं त्यामागचं कारण पूर्णपणे शास्त्रीय होतं. फक्त ठेवताना, आजूबाजूला कुणी नाही ना हे बघून, मी खाली वाकून हळूच सांगायचे, "मामा, तेवढे ब्लाउज सोडा, बाकी घर तुमचंच हाय."